ऊर्फ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त जरा विचित्र आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर गेल्या महिन्यात मी पुन्हा एकदा हजेरी घेतली. मुलांची नाही, फाइलींची. फोन स्पीकरवर ठेवायचा, लॅपटॉपच्या पडद्यावरचं एकेक नाव मोठ्याने वाचायचं, आणि बेंगळुरूहून चिरंजीव म्हणणार, "हं, पुढे." रात्री साडेदहाला हा प्रकार ऐकून शेजारच्या काकूंना वाटलं असेल, बाई झोपेत शाळा घेताहेत.

झालं असं, की आमच्या टीव्हीखाली एक डबा आहे. डबा म्हणजे प्लॅस्टिकची पेटी, आत पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड. रास्पबेरी पाय ३ असं त्याचं नाव. चिरंजीवांनी तो २०१६ साली आणला आणि आपल्या हौसेने जोडून दिला. घरातले फोटो, जुन्या कॅसेटींवरची गाणी, लग्नामुंजींची चित्रणं सगळं त्यात आहे. पण माझ्यासाठी त्यात मुख्य एकच गोष्ट आहे. माझा दादा २०१७ साली डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर आमच्याकडे राहिला होता. डोळ्यावर पट्टी, वाचन बंद, मग दिवसभर बोलत बसायचा. ते बोलणं चिरंजीवांनी रेकॉर्ड करून ठेवलं. घरची विहीर, वडिलांची सायकल, आईने बांधावर लावलेला आणि नंतर भावकीत भांडणाला कारण झालेला आंबा, असं सगळं. दादा २०२० साली गेला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी मी ते ऐकते.

तर गेल्या महिन्यात डबा बंद पडला. दिवा लागायचा, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी यायच्या आणि पुढे काही नाही. मी फोटो काढून पाठवला. चिरंजीव एरवी तिकडूनच सगळं करतात, पण यावेळी डबा इंटरनेटपर्यंत पोचतच नव्हता, म्हणून हात माझे वापरायचे ठरले. पहिली रात्र वायरी काढण्या-घालण्यात गेली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड वाचायचं यंत्र आणलं आणि डब्यातलं नखाएवढं कार्ड लॅपटॉपला लावलं. माझा पहिला प्रश्न होता, "दादाचं बोलणं गेलं का रे?"

"नाही गं आई. आत सगळं आहे. फक्त नावात घोळ झालाय."

नावात घोळ! माझ्यासारख्या बाईला, जिने आयुष्यभर रजिस्टरात नावं लिहिली, हे ऐकून बरं वाटावं की वाईट, कळेना. मी म्हटलं, नीट सांग. त्याने जे सांगितलं ते पुढचे पंधरा दिवस मी त्याला पुन्हापुन्हा विचारून, थोडं स्वतः वाचून समजून घेतलं. ते इथे माझ्या भाषेत लिहिते. आमच्या घरात दोघं-तिघं संगणकवाले आहेत, ते हसतील. हसू देत.

शाळेत सकाळी सगळ्यात आधी येतो तो शिपाई. तो कुलूप काढतो, दिवे लावतो. शाळा चालवणं हे त्याचं काम नाही. मुख्याध्यापक आले की किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हाती द्यायचा आणि बाजूला व्हायचं. संगणक सुरू होताना असंच असतं. आधी उठणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. तो कार्डावरून कर्नल शोधून मेमरीत आणतो आणि कारभार त्याच्या हाती देतो. कर्नल म्हणजे मुख्याध्यापक, लिनक्सचा गाभा.

आता हे मुख्याध्यापक बदलून आलेले. या इमारतीत खोल्या किती, प्रयोगशाळा कुठे, पाण्याची टाकी कुणीकडे, त्यांना काही ठाऊक नाही. मोठ्या संगणकात फारशी अडचण येत नाही. यूएसबीला किंवा पीसीआयला जोडलेली वस्तू विचारल्यावर आपण कोण ते सांगते, बाकीची माहिती मदरबोर्डवरच्या फर्मवेअरने तक्त्यांत मांडून ठेवलेली असते. पण असल्या छोट्या बोर्डांवरचे बरेचसे भाग मुके असतात. ते आपणहून ओळख देत नाहीत. म्हणून शिपायाने जुडग्याबरोबर एक कागदही द्यायचा असतो, त्यात इमारतीचं सगळं वर्णन. या कागदाला म्हणतात डिव्हाइस ट्री. झाडासारखी रचना, म्हणून ट्री. खोडाला फांद्या, फांदीला डहाळ्या. एका फांदीवर प्रोसेसर, एकीवर मेमरी, एकीवर यूएसबी वगैरे. प्रत्येकापुढे ‘ओके’ किंवा ‘डिसेबल्ड’ असा शेरासुद्धा मारता येतो. हे वाचून मला हजर-गैरहजर आठवलं.

हा कागद ज्या फाइलीत असतो, तिचं नाव आमच्या शिपायाला एका यादीत लिहून दिलेलं होतं. त्या नावाची फाइल कार्डावर नव्हती. फाइल नाही म्हटल्यावर त्याने कर्नलला उठवलंच नाही. पांढऱ्या चार ओळींत त्याने हेच सांगितलं होतं, आपल्याला इंग्रजी कळूनही उमगलं नाही इतकंच.

गंमत पुढेच आहे. फाइल नव्हती असं नाही. होती, दुसऱ्या नावाने होती. मी वाचत होते, "बीसीएम२७१०, डॅश, आरपीआय, डॅश, तीन, डॅश, बी." आणि यादीत लिहिलं होतं बीसीएम२८३७, पुढचं सगळं तेच.

"म्हणजे हा दुसरा बोर्ड झाला ना?"

"नाही आई. एकच. त्याची दोन नावं आहेत."

या बोर्डांच्या चिपांना एक घराण्याचा नंबर आहे आणि एक त्या त्या चिपचा स्वतःचा. पहिल्या रास्पबेरी पायची चिप बीसीएम२८३५, तिचं घराणं बीसीएम२७०८. रास्पबेरी पायवाले आपलं स्वतःचं जे कर्नल तयार करतात, त्यात फाइलींना घराण्याचे नंबर देतात, २७०८, २७०९, २७१०. आणि जगभरची मंडळी मिळून जे मूळ लिनक्स सांभाळतात, त्यात चिपचा नंबर देतात, २८३५, २८३६, २८३७. पुढे रास्पबेरी पाय ४ आला तेव्हा दोन्हीकडे २७११ झालं आणि तो प्रश्न मिटला. आमचा डबा त्याआधीचा. चिरंजीवांनी पूर्वी त्यात मूळ लिनक्सचं कर्नल घातलं होतं. आता कशासाठी तरी ते काढून रास्पबेरीवाल्यांचं घातलं, जुन्या फाइली पुसल्या आणि यादीतली ती एक ओळ बदलायची राहून गेली. "चूक सगळी माझीच," असं त्याने कबूल केलं. आईपुढे कबूल केलं म्हणजे खरंच असणार.

आणि ती फाइल उघडून पाहिली तर आत काय लिहिलंय? सुरुवातीलाच, "रास्पबेरीपाय,३-मॉडेल-बी", मग "बीआरसीएम,बीसीएम२८३७". बाहेरच्या पाटीवर २७१०, आत २८३७. माणूस तोच, दारावरची पाटी वेगळी.

इथे माझं कुतूहल चाळवलं. ही नावं ठेवतं कोण, आणि कोणत्या रीतीने? रीत आहे, आणि चांगली आहे. प्रत्येक भागाचं नाव त्याच्या कामावरून ठेवायचं, कंपनीवरून नाही. ‘सिरीयल’, ‘इथरनेट’, ‘मेमरी’ असं. मग ते ईमेलमधलं ॲटचं चिन्ह आणि त्यापुढे पत्ता. आमच्या डब्यात आहे सिरीयल ॲट ७ई२०१०००. हा त्या भागाचा मेमरीतला पत्ता. नाव जास्तीत जास्त ३१ अक्षरांचं. म्हणजे आपल्याकडे ‘तलाठी’ म्हणून पुढे गावाचं नाव सांगतात तसं झालं. माणसं बदलतात, हुद्दा आणि गाव तेच.

मग नेमकी ओळख कुठे? त्यासाठी प्रत्येकाला ‘कम्पॅटिबल’ नावाची एक ओळ असते. तिच्यात आधी बनवणाऱ्या कंपनीचं आखूड नाव, स्वल्पविराम, मग वस्तूचं नाव. आणि महत्त्वाचं म्हणजे इथे एकच नाव नाही, यादी देता येते. आधी सगळ्यात नेमकं, मग त्याहून मोघम. प्रमाणग्रंथात दिलेलं उदाहरण आहे, "एफएसएल,एमपीसी८६४१", आणि त्यापुढे "एनएस१६५५०". कर्नल पहिलं नाव वाचतो. ते ओळखीचं असेल तर उत्तम. नसेल तर दुसरं वाचतो. एनएस१६५५० ही जुनी, सर्वांच्या परिचयाची जात, तिचं काम कसं चालतं ते बहुतेक सगळ्यांना ठाऊक. म्हणजे गावात अनोळखी मुलाने आपलं नाव सांगावं, समोरच्याला कळलं नाही तर म्हणावं, "अहो, मी सुताराच्या घरातला." लगेच, "हां हां, ये, बस."

मी चिरंजीवांना म्हटलं, "अरे, हे तर आपलं ऊर्फ!" त्याला फार आवडलं. आता ऑफिसातही तो तसंच म्हणतो म्हणे.

त्या आखूड कंपनी-नावांची आणखी एक मौज. ‘बीआरसीएम’ म्हणजे ब्रॉडकॉम, शेअरबाजारात त्यांची जी खूण होती तीच. २०१६ साली ब्रॉडकॉम दुसऱ्या कंपनीने घेतली. घेणाऱ्यांनी ब्रॉडकॉम हे नाव लावलं, पण बाजारातली खूण स्वतःची ठेवली. डिव्हाइस ट्रीत मात्र अजून बीआरसीएमच. ‘एफएसएल’ म्हणजे फ्रीस्केल. ही २००४ साली मोटोरोलातून वेगळी झाली आणि २०१५ साली एनएक्सपीत विलीन झाली. फ्रीस्केल म्हणून कंपनी उरली नाही, तरी तिच्या चिपांच्या ओळीत एफएसएल तसंच. कारण जुने बोर्ड अजून कुठे कुठे चालू आहेत, कुणाच्या यंत्रात, कुणाच्या गाडीत, आणि ते त्याच नावाने आपली ओळख सांगतात. कर्नलवाल्यांचा दंडकच आहे की जुना कागद घेऊन आलेला बोर्ड नव्या कर्नललाही ओळखता आला पाहिजे. नवं नाव द्यायला हरकत नाही, जुनं ऐकू यायचं बंद होता कामा नये.

हा शहाणपणा पहिल्यापासून होता असं नाही. कागदाची मूळ कल्पना जुनी, ओपन फर्मवेअरमधली. १९९४ साली तिचं प्रमाण ठरलं. सन कंपनीच्या संगणकांत आणि नंतर ॲपलच्या पॉवरपीसी मॅकमध्ये ती पद्धत होती. आपल्या मोबाइलमध्ये असतात त्या एआरएम जातीच्या बोर्डांना मात्र लिनक्समध्ये पूर्वी नुसता नंबर असायचा. बूटलोडर कर्नलला एक आकडा सांगायचा, कर्नलने आपल्या पोथीत त्या आकड्यापुढचा बोर्ड शोधायचा. हजेरीपटावरचा रोल नंबरच म्हणा ना. नवा बोर्ड आला की नवा नंबर आणि कर्नलमध्ये नवीन मजकूर. नंबर हजारांवर गेले, पसारा इतका वाढला की २०११ साली खुद्द लिनस टॉर्व्हाल्ड्स वैतागले. मग हळूहळू एआरएमची मंडळीही वर्णनाच्या कागदाकडे वळली.

अलीकडचंही एक सांगते. २०२३ साली ६.५ आवृत्तीत एआरएमच्या या सगळ्या फाइली, ज्या एकाच ढिगात होत्या, कंपनीवार फोल्डरांत लावल्या. घर आवरलं म्हणायचं. पण आवरताना एक भान ठेवलं. मूळ ठिकाणी फोल्डर केले तरी बोर्डावर बसवताना त्या पूर्वीसारख्या एकाच जागी उतरतील अशी सोय राखली, म्हणजे जुन्या शिपायांना शोधत फिरावं लागू नये. हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून ठेवला. कारण एका आवराआवरीत मला हे भान राहिलं नव्हतं.

ती गोष्ट १९७८ सालची. मी नवीन होते, माण तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश. बायका पोरांना हाताला धरून आणायच्या. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "पाऊस लागला होता बाई, पेरणीच्या वक्ताला." मग आम्ही लिहायचो १ जून. माझ्या पिढीतल्या शिक्षकांनी निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला करून ठेवलाय, हे सर्वांना माहीत आहे. त्यावर आपण हसतो. नावांचंही तेच व्हायचं, त्यावर मला आता हसू येत नाही.

एक मुलगा आला. त्याचं खरं नाव इथे देत नाही, दगडू म्हणू. (एकदा बदलून झालंय बिचाऱ्याचं नाव, आज आणखी एकदा.) मी बीए मराठी, ताजी ताजी. मनात आलं, इतका चुणचुणीत मुलगा आणि नाव दगडू? हजेरीत मुलं चिडवतील. मी जनरल रजिस्टरात लिहिलं, दिगंबर. त्याच्या आईला सांगितलंसुद्धा, "शाळेतलं नाव दिगंबर ठेवलंय हं." ती मान डोलावून गेली. बाईंनी केलं म्हणजे चांगलंच असणार.

२०१४ साली तो माझं घर शोधत आला. पन्नाशीकडे झुकलेला, केस पिकलेले. मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. "बाई, ओळखलं का?" मी ओळखलं नाही. मग तो म्हणाला, "दगडू." तरी नाही. मग "दिगंबर" म्हणाला, तेव्हा ओळखलं. माझ्या पोथीत त्याचं तेवढंच नाव होतं.

त्याचे वडील गेल्यावर वारसनोंद झाली होती. तलाठ्याला गावाने सांगितलं, मुलगा दगडू. सातबाऱ्यावर दगडू लागला. शाळेचा दाखला, आधार, बँकेचं पुस्तक सगळीकडे दिगंबर. पीककर्ज अडलं, विहिरीच्या अनुदानाचा अर्ज परत आला. शाळेत गेला तर म्हणाले, दाखल्यावरचं नाव आता बदलता येणार नाही. दोन वर्षं तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. दोन्ही नावं खरी, माणूस एक, आणि जुळवणारा कागद कुठेही नाही. दगडू ऊर्फ दिगंबर ही एकच व्यक्ती आहे, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं आणि त्याला जोडायला नाव कुणी लिहिलं हे सांगणारं माझं पत्र हवं होतं. मी दिलं. त्याच्याबरोबर तालुक्याला जाऊन बसलेही दिवसभर.

येताना एसटीत मी म्हटलं, "माझं चुकलंच रे. मला वाटलं, चांगलं नाव द्यावं."

तो म्हणाला, "नाव चांगलंच होतं बाई. पण माझ्या आधीची दोन लेकरं गेलेली. म्हणून आईनं दगडू ठेवलं. दगडाला काय होतंय, असं म्हणायची. दिगंबर काय तिला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. असं नाव का ठेवतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत त्यावर लिहिलंही असेल. समोर उभ्या असलेल्या बाईला मात्र मी विचारलं नाही. जनरल रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. त्यात ‘घरचे नाव दगडू’ एवढे तीन शब्द मी लिहिले असते, तरी त्याची दोन वर्षं वाचली असती. रकाना कोरा होता. त्यासाठीच होता.

आणि हे मला कळू नये? माझंच नाव बदललेलं होतं की! माहेरची मी सिंधू. १९७४ साली लग्न झालं, ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने नाव लिहिलं, वसुधा. मला आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. बीएचं प्रमाणपत्र मात्र दोन वर्षं आधीचं, त्यावर सिंधू. नोकरीत वसुधा. पेन्शनच्या वेळी एका कार्यालयातल्या साहेबांनी कागद वरखाली केले आणि विचारलं, "या सिंधू कोण?"

"मीच."

"पुरावा?"

समोर बसलेल्या माणसाला ती स्वतःच असल्याचा पुरावा मागतात, तेव्हा क्षणभर काही सुचत नाही. मी दादाला फोन केला. त्याने माळ्यावरची ट्रंक उपसली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आला लग्नाची पत्रिका. पिवळी पडलेली, कोपऱ्याला हळद. चि. सौ. कां. सिंधू. त्याने प्रतिज्ञापत्रही केलं, की ही माझी बहीण, माहेरची सिंधू, सासरची वसुधा, एकच. माझं ऊर्फ दादाच्या ट्रंकेत होतं. दगडूसाठी अशी ट्रंक कुणाकडे नव्हती.

तिसऱ्या रात्री चिरंजीव म्हणाले, "आई, आता ती यादीची फाइल उघड. साधा मजकूर आहे. २८३७ आहे तिथे २७१० कर." मी चष्मा पुसला, तीन आकडे खोडले, तीन लिहिले, परत वाचून दाखवलं. मास्तरकीची सवय, नंतर विचारलं, "अरे, मग जुन्या नावानेही एक प्रत ठेवूया ना. कधी कुणी त्याच नावाने विचारलं तर?"

"नको. प्रत ठेवली की उद्या एक बदलेल, दुसरी तशीच शिळी राहील. त्यापेक्षा वरच्या ओळीत नोंद कर. पहिलं अक्षर हॅशचं टाक, म्हणजे शिपाई ती ओळ वाचणार नाही, माणूस वाचेल."

म्हणजे शेऱ्याचा रकाना! मी हॅश टाकून लिहिलं, आधीचं नाव बीसीएम२८३७, अमुक तारखेला बदललं, कारण अमुक. चिरंजीव म्हणाले, "एवढं सविस्तर?" मी म्हटलं, "असू दे. दहा वर्षांनी तू नसशील इथे आणि मीही नसेन. जो कोणी उघडेल त्याला कळायला हवं."

तो काही बोलला नाही.

जाता जाता त्याने एक सांगितलं. हा जो शिपाई, बूटलोडर, त्याचं नाव यू-बूट. आधी त्याचं नाव आकड्याने सुरू व्हायचं, ८एक्सएक्सरॉम. १९९९ साली वोल्फगांग डेंक यांनी तो जिथे ठेवला, तिथे आकड्याने सुरू होणारं नाव चालत नव्हतं, म्हणून झाला पीपीसीबूट. पुढे तो पॉवरपीसीशिवाय इतर जातींवरही चालायला लागला, मग २००२ साली यू-बूट. म्हणजे नावाच्या घोळात अडलेला आमचा शिपाई स्वतःच तीन नावांचा! पण ही वंशावळ कुणीतरी नीट लिहून ठेवली, म्हणून तर मला आज सांगता आली.

कार्ड डब्यात घातलं. दिवा लागला. पांढऱ्या ओळी आल्या, त्या यावेळी थांबल्या नाहीत, भराभर वर गेल्या आणि नेहमीचा पडदा आला. रात्रीचे बारा वाजत आले होते. मी आवाज बारीक करून दादाचं रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खोकला, मग तो म्हणतो, "सिंधू, जरा पाणी दे गं. आणि बस इथे, सांगतो."

आता त्या नावाने मला हाक मारणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. यांनी आयुष्यभर ‘अगं’वर भागवलं, बाकी सगळ्यांची मी वसुधा, वहिनी, आजी, बाई. त्याबद्दल तक्रार नाही. पण ती हाक आली की मी अजून ‘ओ’ देते. घरात कुणी नसलं तर मोठ्याने.

असो. हे वाचणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना एक काम सांगते. दिवाळीला सगळे जमू तेव्हा आपल्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव एका वहीत लिहायचंय. माझ्या सासूबाईंचं मला अजून माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत. कुणाला ठाऊक असेल, एखाद्या आत्याला, एखाद्या जुन्या पत्रात, तर मला कळवा. वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर रकाने आखले आहेत, शेवटचा शेऱ्याचा.